उस्तादांचं ‘लाव’

रंगारी दोन प्रकारचे असतात, असं लंबू म्हणायचा. गाणारे आणि गप्प राहणारे. उस्ताद दोन्हींत बसत नव्हते. ते बोलायचे. शिडी चढताना बोलायचे, उतरताना बोलायचे, दातांत ब्रश धरलेला असला तर नाकातून बोलायचे. जुन्या रंगाचे पोपडे खरवडताना भिंतीची विचारपूस करायचे, “कुणी गं केली तुझी ही दशा,” आणि भिंतीच्या वतीने उत्तरही द्यायचे. लंबू त्यांच्याबरोबर बावीस वर्षं काम करत होता. खिडकीवरचा भाग रंगवायला त्याला शिडी लागत नसे, म्हणून त्याला लंबू म्हणत. ह्या बावीस वर्षांत आपण सगळी मिळून बावीसच वाक्यं बोललो असू, असा त्याचा अंदाज होता.

घरीही तीच तऱ्हा. उस्तादांची बायको, जिला सगळे कामगार वहिनी म्हणत, एका शाळेच्या कचेरीत तीस वर्षं टपाल आणि फायली सांभाळून निवृत्त झाली होती. ती मुळातच कमी बोलणारी. त्यात नवऱ्याने दोघांच्या वाटचं बोलायचं काम अंगावर घेतल्यावर तिला तोंड उघडायचं कारणच उरलं नाही. ती “हं” म्हणायची. कधीकधी “हं?” म्हणायची. तेवढ्यावर संसार चांगला चालला होता.

त्यांना एकच मुलगी. ती रंगाच्या दुकानात शेड मिसळायच्या मशीनवर कामाला होती. दोन वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं, “बाबा, दुकान सोडून तुमच्याबरोबर येऊ का?” त्या एका प्रश्नावर उस्ताद पाऊण तास बोलले. सार एवढंच, की रंग डब्यात ओळखणं वेगळं आणि भिंतीवर ओळखणं वेगळं, आणि शिडी हे मुलींचं काम नव्हे. तिने पाऊण तास ऐकून घेतलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही. बापलेकींत भांडण असं नव्हतं. फक्त जेवताना दोघं रंगाविषयी बोलत नसत, आणि त्या घरात रंग वगळला तर बोलायला फार थोडं उरत होतं.

त्या मंगळवारी सकाळी उस्ताद आणि लंबू सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत होते. उंच छताची लांबलचक खोली, एका बाजूला सहा खिडक्या. टेबलं मधोमध ओढून त्यांवर जुन्या चादरी टाकल्या होत्या. दोन महिन्यांत खोली वाचकांसाठी उघडायची होती. दहाच्या सुमाराला उस्ताद म्हणाले, “त्या तिसऱ्या खिडकीच्या काचेला कडेनं पट्टी लाव, नाहीतर मग...” आणि थांबले.

लंबू चिकटपट्टीचं भेंडोळं हातात घेऊन वाट बघत राहिला. वाक्य अर्धवट सोडणं हा उस्तादांचा स्वभाव नव्हता. त्याने वळून पाहिलं. उस्तादांच्या उजव्या हातातला ब्रश खाली पडला होता आणि ते त्या हाताकडे, हा कुणाचा बुवा, असं बघत होते.

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. लंबूने वेळ दवडला नाही म्हणून जीव वाचला. उजवा हात आणि पाय हळूहळू सुधारतील. बोलण्याचं मात्र आत्ताच काही सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी उस्ताद बोलले. वहिनी उशाशी बसून पेल्यातलं पाणी चमच्याने देत होती. त्यांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं, ओठ दोनतीनदा हलले आणि शब्द आला, “लाव.”

वहिनीच्या हातातून चमचा पडला. “काय लावू? पंखा?”

“लाव.”

तिने पंखा लावला. “लाव,” उस्ताद म्हणाले. तिने खिडकी लावली. “लाव.” तिने दिवा लावला, भर दुपारी. मग तिच्या लक्षात आलं, की त्यांना काही लावायचं नाहीच. पाणी हवं असलं तरी लाव, नको असलं तरी लाव. नर्स आली की लाव, गेली की लाव. मोठे डॉक्टर तपासायला आले तेव्हाही उस्ताद त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, “लाव.” जन्मात कुणा परक्या माणसाला अरेतुरे न केलेला माणूस. वहिनीलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारचे निवृत्त मास्तर भेटायला आले. “कसं काय वाटतंय आता?” त्यांनी विचारलं.

“लाव,” उस्ताद म्हणाले.

मास्तरांनी उठून दार लावलं आणि परत येऊन बसले.

“लाव.”

मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शेवटी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. गळ्याचं बटण उघडं होतं. ते त्यांनी निमूटपणे लावलं, आणि थोड्याच वेळात निघाले.

त्यांना सोडायला वहिनी दारापर्यंत गेली. खोलीच्या आतच उभी राहून ती म्हणाली, “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आता त्यांच्यात काही राहिलेलं नाही. माणूस गेलाय, नुसतं शरीर आहे.” ती परत आली तेव्हा उस्तादांनी तोंड भिंतीकडे केलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात एक बाई आल्या. वॉर्डात सगळे त्यांना बोलण्याच्या बाई म्हणत, कारण ज्यांची वाचा गेलेली असे त्यांना बोलतं करणं हे त्यांचं काम होतं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी वहिनीला काहीच विचारलं नाही. खुर्ची ओढून उस्तादांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “डोळे मिटा.”

उस्तादांनी डोळे मिटले.

“उघडा. खिडकी कुठं आहे?” उस्तादांनी खिडकीकडे पाहिलं. बाईंनी पलंगावर कंगवा, चमचा आणि पेन्सिल मांडली. “केस विंचरायला काय लागतं?” उस्तादांनी डाव्या हाताने कंगवा उचलून त्यांना दिला आणि त्यांच्या विस्कटलेल्या केसांकडे असं बघितलं, की बाईंना हसू आलं.

“ह्यांना सगळं समजतंय,” त्या वहिनीला म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून समजत असणार. शब्द आतून बाहेर येत नाहीत एवढंच.”

वहिनी पलंगाच्या कडेवर बसली. पहिल्या दिवसापासून. म्हणजे मास्तर आले होते तेव्हाही. तिने उस्तादांकडे पाहिलं. तेही तिच्याचकडे बघत होते, रागाने नव्हे, नुसते वाट बघत होते.

“मी बोलले ते,” ती म्हणाली, “ते मी चुकीचं बोलले.”

“लाव,” उस्ताद म्हणाले. ते ‘असू दे’सारखं ऐकू आलं. निदान तिला तसं वाटलं.

लेक तेव्हा दुकानातून परस्पर आली होती आणि लंबू दाराशी उभा होता. लेकीने विचारलं, “पण हाच शब्द का?”

“ते मला सांगता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “कुणाचं नुसतं ‘हो’ राहतं, कुणाचा एखादा आकडा राहतो. माझ्याकडे एक सज्जन गृहस्थ होते, त्यांची फक्त शिवी राहिली होती, आणि घरात चार नातवंडं. त्या मानानं तुमचं नशीब चांगलं. ‘लाव’ हा काही लहान शब्द नाही. बघा बरं, आपण काय काय लावतो.”

“दिवा,” लेक म्हणाली. “फोन. गजर.”

“दार. कुलूप,” वहिनी म्हणाली. “जखमेला मलम.”

“रोप लावतो,” बाई म्हणाल्या, “पोरांना शिस्त लावतो. कुणाला कामाला लावतो.”

“रंग,” दाराशी लंबू म्हणाला. त्याचं त्या दिवसाचं बोलणं झालं.

“माणूस माणसाला जीव लावतो,” वहिनी म्हणाली. मग म्हणाली, “आणि वाट लावतो. ह्यांनी लावली माझ्या कानांची, पस्तीस वर्षं बोलून बोलून.”

उस्ताद हसले. चेहऱ्याची डावी बाजूच हसली, पण आवाज पुरा आला, तोच जुना, खोकल्यासारखा. दहा दिवसांत कुणी तो ऐकला नव्हता. लेक खिडकीकडे गेली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली.

घरी सोडताना बाईंनी वहिनीला तीन गोष्टी बजावल्या. अंदाज दोनच करायचे. तिसराही चुकला की माणूस चिडतो आणि पुढचं बोलायचंच टाळतो. शब्द शोधताना दिसले तर मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे आणि तोवर तोंडाला कुलूप. “तुम्हीच घाईनं त्यांच्या तोंडात शब्द घातलात, तर ते कशाला शोधतील?” आणि तिसरं, शब्द ऐकत बसायचं नाही, चाल ऐकायची. “शब्द एकच आहे. पण चाली त्यांना सगळ्या येतात.”

वहिनीने आयुष्यात इतकं लक्ष देऊन नवऱ्याचं कधी ऐकलं नव्हतं. त्याची गरजच पडली नव्हती. चार वाक्यं निसटली तर पाचवं तयार असायचं. आता एकाच शब्दावर सगळी भिस्त. पहिल्या आठवड्यात तिचे दहापैकी नऊ अंदाज चुकले. त्यांना पांघरूण हवं असायचं, ती रेडिओ लावायची. रेडिओ हवा असायचा तेव्हा पाठीला तेल लावायला बसायची, आणि उस्ताद पालथे पडल्या पडल्या उशीत तोंड खुपसून “लाव, लाव” म्हणत राहायचे. मानेचाही भरवसा नव्हता. ‘हो’ म्हणायचं असताना मान ‘नाही’कडे हलायची, आणि मग स्वतःच्या मानेवर चिडून ते डोळे मिटून घ्यायचे.

पण दुसऱ्या आठवड्यात तिला फरक कळू लागला. आखूड, तुटक ‘लाव’ म्हणजे काहीतरी बंद करायचं असतं. शेवटी वर चढणारं ‘लाव’ हा प्रश्न असतो, आणि बहुतेक वेळा तो प्रश्न ‘लेक आली का’ असा असतो. शाळेच्या कचेरीत तिने तीस वर्षं असंच केलं होतं, पाकिटाकडे नुसतं बघून आत काय असेल ते ओळखायचं. तिने एक वही घातली आणि त्यात चाली लिहून ठेवू लागली, बाणांनी आणि टिंबांनी. आणि एक गोष्ट तिच्याही नकळत झाली. ती बोलायला लागली. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. सकाळी दूधवाल्याशी काय झालं, मास्तरांच्या घरी कोण पाहुणे आलेत, गुडघा कसा दुखतोय, सगळं ती उस्तादांना सांगू लागली. उस्ताद कान लावून ऐकायचे. त्यांनाही ही सवय नवी होती.

दुपारी ती स्वयंपाकघरात असली, की आतल्या खोलीतून हळू आवाज यायचा. लाव. लाव. लाव. कुणाला हाक मारलेली नसायची. उस्ताद भिंतीकडे बघून एकटेच घोकत बसलेले असायचे. ती आत जात नसे.

इकडे अभ्यासिका तशीच पडली होती. ग्रंथपालांनी दोनदा निरोप पाठवला. लंबू घरी आला, चहा प्यायला, आणि कपाकडे बघत म्हणाला, “एकट्याच्यानं नाही होणार, वहिनी.”

“मी येते,” लेक म्हणाली. “तीन आठवड्यांची रजा टाकते.”

उस्ताद तेव्हा झोपले होते, म्हणून त्यांना कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बापाचाच रंगाचे डाग पडलेला शर्ट घालून, बाह्या दुमडून बाहेरच्या खोलीत आली. उस्ताद खुर्चीत बसले होते. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“लाव,” ते म्हणाले.

“काय, बाबा? दार लावून घेऊ?”

मान हलली, पण कोणत्या बाजूला ते सांगणं कठीण होतं. “लाव.”

लेकीने आईकडे पाहिलं. वहिनीने मनात वीसपर्यंत मोजलं. काही आलं नाही. ही चाल तिच्या वहीत नव्हती.

“बाबा, मला उशीर होतोय,” लेक म्हणाली आणि निघाली. वाटेत तिने लंबूला सांगितलं, “ते काय म्हणाले कळलंच नाही. ‘दार लाव आणि घरात बस’ असंही असेल.”

“किंवा ‘रंग लाव’,” लंबू म्हणाला.

पहिले दोन दिवस तिचे पाय शिडीवर लटपटत होते. तिसऱ्या दिवशी लटपटायचे थांबले, खांदे दुखायला लागले. पाचव्या दिवशी लंबूने तिची पुट्टी हाताने चाचपून बघितली आणि काही न बोलता पुढच्या भिंतीकडे गेला. ती मोठी पावती होती. दहा दिवसांत तीन भिंती झाल्या. चौथी, खिडक्यांच्या समोरची, तेवढी राहिली. तिच्यावरचे पोपडे काढून, पुट्टी भरून, घासून झाली होती. आता प्रायमरचा हात द्यायचा आणि मग रंग.

त्या दिवशी वहिनीने ठरवलं, की उस्तादांना काम दाखवायला न्यायचं. पाय थोडा उचलला जाऊ लागला होता, पण लांब चालवत नव्हतं, म्हणून चाकांची खुर्ची घेतली. अभ्यासिकेच्या दारातून आत येताच उस्तादांनी आधी छत पाहिलं, मग झालेल्या तिन्ही भिंती, एकेक करून, खालून वर. लेक ब्रश हातात धरून परीक्षेला बसल्यासारखी उभी होती. उस्तादांनी डाव्या हाताने खुर्चीचं चाक ढकललं आणि चौथ्या भिंतीपाशी गेले. हाताची मागची बाजू भिंतीला टेकवली. थोडे पुढे झुकून गालही टेकवला.

“लाडात आलेत,” वहिनी म्हणाली. “किती दिवसांनी भेटतायत भिंतीला.” आणि ती पाण्याची बाटली भरायला बाहेरच्या नळावर गेली.

“लाव,” उस्ताद म्हणाले.

“हो, उस्ताद. लावतो,” लंबूने उत्तर दिलं आणि प्रायमरचा डबा उघडला. लेक शिडीवर चढली. दोघांनी दोन टोकांकडून सुरुवात केली, पाठी खोलीकडे, तोंडं भिंतीकडे.

“लाव.”

“चाललंय, बाबा.”

“लाव, लाव.”

लेकीचा हात भरभर चालू लागला. तिचा चेहरा फुलला होता. बाप मागे बसून ‘लाव, लाव’ म्हणतोय, म्हणजे आणखी काय हवं. लंबूसुद्धा कधी नव्हे तो शीळ घालायला लागला. मागून आवाज मोठा होत गेला आणि तसतसा त्यांचा वेगही वाढत गेला.

वहिनी बाटली घेऊन दारात आली तेव्हा भिंतीचा निम्मा भाग पांढरा झाला होता. उस्तादांचा चेहरा लाल होता, डावा हात खुर्चीवर आपटत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“थांबा,” ती म्हणाली. ती एवढ्या जोराने बोलल्याचं लेकीने कधी ऐकलं नव्हतं. “दोघंही थांबा. हे ‘लाव’ तसलं नाही.”

“मग कसलं?” लेकीने शिडीवरून विचारलं.

“ते मला माहीत नाही. पण ते ‘लाव’ असं म्हणत नाहीयेत.”

ती उस्तादांसमोर खाली बसली, बाटली बाजूला ठेवली, आणि मनात आकडे मोजू लागली. लंबूने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. खोलीत प्रायमरचा वास भरला होता आणि बाहेर कुणीतरी सायकल स्टँडला लावत होतं. वीस झाले. वहिनीने पुन्हा एकपासून सुरुवात केली. उस्तादांचे ओठ जुळत होते, सुटत होते. “लाव,” ते म्हणाले, आणि स्वतःच डोकं झटकून ते खोडून टाकलं. “लाव... ला...” तिच्या मनातले आकडे पस्तिसावर होते, तेव्हा ते म्हणाले, “लावू.”

वहिनीने मोजायचं थांबवलं.

“लावू. लावू न... न...” जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी झाली होती. त्यांनी डावा हात उचलून भिंतीवर ठेवला, जणू भिंतच ढकलायची आहे. “लावू न-को.”

वहिनीने आधी ऐकलं आणि मग तिला ते समजलं. “नको म्हणतात,” ती म्हणाली. “लावू नको म्हणतात.”

लंबू भिंतीपाशी गेला, उस्तादांनी जिथे गाल टेकवला होता नेमका तिथेच त्याने आपला गाल टेकवला आणि डोळे मिटून उभा राहिला. “गार आहे,” तो म्हणाला. “वरून कोरडी, आतून ओली. आम्ही कसे मूर्ख.”

लेक शिडीवरून उतरली. दुकानात आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक भांडायला यायचं, की तुमचा रंग महिन्यात फुगला. तेव्हा मालक काय तपासायला सांगतात ते तिला पाठ होतं. तिने हातभर प्लास्टिकचा तुकडा कापला, प्रायमर न लागलेल्या जागी भिंतीवर धरला आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद केला. “उद्या सकाळी आतून थेंब दिसले, तर बाबा बरोबर,” ती म्हणाली.

सकाळी प्लास्टिकच्या आत थेंब दिसले, घाम आल्यासारखे. भिंतीच्या पलीकडे कर्मचाऱ्यांचं हात धुवायचं बेसिन होतं. नळदुरुस्तीवाल्याने तिथल्या फरशा काढल्या, तर आतल्या पाइपाचा सांधा कधीपासून झिरपत होता कोण जाणे. रंग दिला असता तर वाचक येऊन बसायच्या आतच भिंतीला फोड आले असते. ग्रंथपाल आधी चिडले, मग त्यांनी ते सगळं स्वतः हात लावून पाहिलं आणि उद्घाटन पुढे ढकललं. लेकीने रजा वाढवून घेतली.

बोलण्याच्या बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा लावला, काढला, आणि वहिनीकडून सगळं दोनदा वदवून घेतलं. “मला वाटलं होतं, आता दुसरा एखादा शब्द येईल,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी आहे त्याच शब्दाला फांदी फोडली.”

पुढच्या महिन्यात त्या एकाच झाडाला आणखी फांद्या फुटल्या. लावलं आलं. लावलं? असा प्रश्न आला. लावीन आलं, तेव्हा वहिनी म्हणाली की आता ह्यांना भविष्यकाळही मिळाला. आणि एका सकाळी तपासणीच्या खोलीत बाई दारातून आत येताच उस्ताद त्यांच्याकडे बघून, मान किंचित लववून म्हणाले, “लावा.” बाईंनी आपल्या मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं, मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला मान मिळाला आहे. त्यांनीही मान लववली. इतर शब्द मात्र ओढून ओढून काढावे लागत होते. पाणी, चहा, नाही. कधी येत, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा हरवत. उस्ताद चिडत, कधी रडत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाईंसमोर जाऊन बसत.

चौथी भिंत वाळल्यावर शेवटचा हात द्यायच्या दिवशी उस्ताद काठी टेकत टेकत आले. लेक शिडीवर होती. मानेचा होकार-नकार आता भरवशाचा झाला होता, म्हणून तिने वरूनच विचारलं, “बाबा, पहिल्या दिवशी मी तुमचा शर्ट घालून निघाले, तेव्हा काय म्हणत होता? रंग लाव?”

उस्तादांनी नकारार्थी मान हलवली.

“दार लाव?”

पुन्हा नाही. मग ते थोडा वेळ काठीच्या मुठीकडे बघत राहिले आणि स्पष्ट म्हणाले, “लावू नको.”

लंबू खाली रंग ढवळत होता, त्याचा हात थांबला. लेक शिडीवरून खाली वाकली. “म्हणजे मी रंग लावू नये, असं?”

उस्तादांनी मान हलवली. हो. खोटं बोलायला त्यांच्यापाशी शब्दच नव्हते, आणि बहुधा त्यांना ते बोलायचंही नव्हतं.

“आणि आता?”

उस्ताद चालत शिडीपाशी आले. लुळ्या पडलेल्या, पण आता थोड्या धरू लागलेल्या उजव्या हाताने त्यांनी शिडीचा पाय पकडला. डावा हात वर करून छताजवळचा एक कोपरा दाखवला, जिथे दोन भिंती मिळत होत्या आणि जिथला रंग ते स्वतःशिवाय कुणाला देऊ देत नसत.

“लाव,” ते म्हणाले.

तिने लावला. ते शिडी धरून उभे राहिले, आणि तिचा हात जिथे जिथे घाईने गेला तिथे तिथे खालून “लाव” आलं, तुटक, कुरकुरीचं. लंबू म्हणाला, हे ऐकून त्याला पहिल्यांदा वाटलं की उस्ताद कामावर परत आलेत.

थंडी सुरू झाली तेव्हा लेकीने दुकान सोडलं होतं. ती आणि लंबू एका दवाखान्याच्या पायऱ्यांकडची भिंत रंगवत होते. घरी दुपारच्या उन्हात, खिडकीपाशी, वहिनी आणि उस्ताद बसले होते. तिने मांडीवर ताटली घेऊन संत्री सोललेली होती आणि ती उस्तादांना सांगत होती, की मास्तरांची सून दोन दिवसांपासून माहेरी गेली आहे, आणि मास्तर स्वतः भाजी चिरतात, आणि किती जाड चिरतात. उस्ताद एकेक फोड उचलून खात होते. ती सांगत राहिली. ताटली जवळजवळ रिकामी झाली तेव्हा उस्तादांनी एक फोड उचलली, तोंडापर्यंत नेली, थांबले, आणि हात तिच्याकडे वळवला.

“घे,” ते म्हणाले.

वहिनी बोलायची थांबली. हा शब्द कुणी शिकवला नव्हता. बाईंच्या यादीत नव्हता, वहीत नव्हता. तो आला होता, सहज, जसा एरवीच्या माणसांना येतो. तिला वाटलं, लेकीला फोन लावावा, बाईंना कळवावं. मग वाटलं, सांगू सावकाश, घाई काय.

तिने फोड घेतली आणि तोंडात टाकली. आंबट होती. ते तिने सांगितलं नाही. हात पुढे करून आणखी एक मागून घेतली.